एकादशीचा फराळ आणि ७.२ पोटॅशियम: जालना जिल्ह्यातल्या एका किडनी-रुग्णाचं प्रकरण

रुग्ण आणि कुटुंबाच्या परवानगीने हे प्रकरण लिहिलं आहे. ओळख पटू नये म्हणून नाव, गाव आणि घरातले काही तपशील बदलले आहेत. तपासण्यांचे आकडे आणि घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे. मी आहारतज्ज्ञ म्हणून या रुग्णाच्या उपचारात होते, त्यामुळे लिखाणाचा जास्त भर स्वयंपाकघरावर आहे.

पार्श्वभूमी

रुग्णाला इथे अण्णा म्हणू. वय ६१, शेतकरी. जालना जिल्ह्यात मोसंबीच्या पट्ट्यात गाव, स्वतःचीही थोडी बाग. घरात पत्नी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. मधुमेह पंधरा वर्षांहून जुना, बीपी त्यानंतर सुरू झालेला. शुगरसाठी ग्लिमेपिराइड आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन. माळकरी माणूस. एकादशी कधी चुकवलेली नाही.

या घटनेच्या साधारण वर्षभर आधी पायाला सूज आली म्हणून तपासण्या झाल्या. क्रिएटिनिन ३.६. हा किडनीने बाहेर टाकायचा कचरा, तो रक्तात वाढला म्हणजे किडनी मंदावली. वयाचा हिशेब धरून किडनीचं काम (ईजीएफआर) १८ च्या आसपास, म्हणजे जुनाट किडनी विकाराची चौथी पायरी. या पायरीवर सहसा डायलिसिस लागत नाही, पण किडनीच्या हातात फारसं काही उरलेलंही नसतं. पोटॅशियम तेव्हा ५.२ होतं. साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान ते असावं लागतं, म्हणजे किंचित वर.

किडनीच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टींपैकी घरात दोन पक्क्या बसल्या: मीठ कमी करा आणि अशक्तपणा येऊ देऊ नका. फाइलच्या तळाशी इंग्रजीत एक ओळ होती, कमी पोटॅशियमचा आहार घ्या अशा अर्थाची. ती कुणी वाचली नाही, वाचली असती तरी तिच्यावरून स्वयंपाक करता आला नसता. पोटॅशियम बाजारात मिळत नाही. बाजारात केळी मिळतात, बटाटे मिळतात.

दोन्ही सूचना घरच्यांनी मनापासून पाळल्या. मुलाने नेहमीचं मीठ बंद करून ‘लो सोडियम’ लिहिलेलं महागडं मीठ आणायला सुरुवात केली. अण्णा थकलेले दिसले की सून मोसंबीचा रस काढून द्यायची, कारण घरची मोसंबी आणि रसाचं भांडं कायम हाताशी. भेटायला येणारे पाहुणे केळी आणि शहाळी घेऊन यायचे. गुडघा दुखला की मेडिकलवरून सुट्या दुखण्याच्या गोळ्या यायच्या. हे मात्र कुणालाही सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

अडचण कशी उभी राहिली

आषाढी एकादशीच्या दिवशी अण्णांनी नेहमीसारखा उपवास केला. दुपारनंतर अंगात त्राण नाही असं म्हणू लागले. सुनेने ओआरएसची पुडी पाण्यात कालवून दिली आणि संध्याकाळी शहाळं फोडलं. द्वादशीला पहाटे पारणं सोडायला उठायचं म्हणाले, तर पाय उचलेनात. पत्नीच्या शब्दांत, “पायात जीवच नाही म्हणायलेत. तोंड बी कोरडं पडलं होतं.”

घरात पहिला विचार शुगरचा आला. घरच्या मशिनवर शुगर १४२ निघाली, म्हणजे ती उतरलेली नव्हती. दुसरा विचार सलाईनचा. आपल्याकडे अशक्तपणा आला की एक बाटली लावून घ्यायची रीत आहे, त्यामुळे मुलगा गावातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी आधी नाडी मोजली. मिनिटाला ४६. किडनीचा आजार माहीत होता. त्यांनी सलाईन लावलं नाही. “इथं थांबू नका, तालुक्याला नेऊन आधी पट्टी काढा,” म्हणाले. पट्टी म्हणजे ईसीजी. या प्रकरणातला पहिला निर्णायक क्षण हा, आणि तो नाडीवर बोट ठेवणाऱ्या माणसामुळे योग्य दिशेला वळला.

पोटॅशियम हृदयाच्या ठोक्यांशी जोडलेलं असतं. रक्तात ते फार वाढलं की स्नायू ढिले पडतात, ठोके संथ आणि वेडेवाकडे होतात, आणि एखाद्या वेळी पूर्वसूचना न देता हृदय थांबतं. कित्येक रुग्णांना त्याआधी काहीच जाणवत नाही. अण्णांना पायांतून इशारा मिळाला हे नशीब. पण त्या इशाऱ्याचा घरात लागलेला अर्थ उलटा होता. पोटॅशियम वाढल्यामुळे अशक्तपणा आला आणि अशक्तपणा आला म्हणून पोटॅशियमने भरलेलं पेय पाजलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या ओआरएसच्या लिटरभर पाण्यात २० मिलिमोल, म्हणजे जवळपास ७८० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. जुलाब झालेल्या मुलाला ते वाचवतं. चौथ्या पायरीवरच्या किडनीला ते वेळेत बाहेर टाकता येत नाही.

तालुक्याच्या ठिकाणी आणि पुढे: कोणते पर्याय होते

ईसीजीत टोकदार, उंच लाटा आणि रुंदावलेले ठोके दिसले. पोटॅशियमचा नमुना जिल्ह्याला जाऊन रिपोर्ट यायला काही तास लागले असते. तिथल्या डॉक्टरांसमोर तीन वाटा होत्या: रिपोर्टची वाट पाहायची, काहीही न देता मोठ्या रुग्णालयात पाठवायचं, किंवा पट्टीवर विश्वास ठेवून लगेच औषध देऊन मग पाठवायचं.

त्यांनी तिसरी वाट घेतली. कॅल्शियम ग्लुकोनेटचं १० टक्के द्रावण, १० मिली, शिरेतून सावकाश. हे औषध पोटॅशियम कमी करत नाही. ते हृदयाला तात्पुरतं कवच देतं, तेही अर्धा ते एक तास. त्या तासाभरात ग्लुकोजसोबत इन्सुलिन सुरू केलं, ज्यामुळे रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ढकललं जातं, आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलावून छत्रपती संभाजीनगरच्या एका रुग्णालयात पाठवलं. ईसीजीत असे बदल दिसत असताना रिपोर्टसाठी थांबणं योग्य नसतं हे पुस्तकात सगळेच वाचतात. तालुक्याच्या दवाखान्यात, नातेवाईक भोवती उभे असताना ते करायला धीर लागतो.

मोठ्या रुग्णालयात पोहोचल्यावर पोटॅशियम ७.२ निघालं. क्रिएटिनिन ४.४, बायकार्बोनेट १५, म्हणजे रक्तात आम्लही साचलेलं. इथे प्रश्न आला तातडीच्या डायलिसिसचा. मानेत तात्पुरती नळी टाकून लगेच डायलिसिस करायचं, की औषधांवर ठेवून दर काही तासांनी तपासत राहायचं?

मुलगा नळीला तयार नव्हता. “एकदा मशीनवर गेला की माणूस सुटत नाही,” हे त्याने गावात अनेकांकडून ऐकलं होतं. डॉक्टरांनी समजावलं की असं काही नसतं. अचानक चढलेलं पोटॅशियम उतरवायला एक-दोन वेळा डायलिसिस करून रुग्ण पुन्हा गोळ्यांवर राहू शकतो, आणि ज्यांना कायमचं लागतं त्यांना किडनी संपल्यामुळे लागतं, मशीन लागल्यामुळे नाही. ही समजूत घालण्यात गेलेली वीस मिनिटं मला वाया गेली असं वाटत नाही. कारण रात्री पोटॅशियम चढलं असतं तर सही मागायला वेळ नसता.

शेवटी डायलिसिस लागलं नाही. लघवी चांगली होत होती, म्हणून औषधांवर ठेवायचं ठरलं. डायलिसिसचा विभाग तयारीत ठेवला. चार तासांनी ६.३, दुसऱ्या दिवशी सकाळी ५.६. टेल्मिसार्टन तात्पुरतं बंद केलं.

“काहीच खाल्लं नाही, उपवास होता”

तिसऱ्या दिवशी मी अण्णांच्या खाटेपाशी गेले. आदल्या आठवड्यात काय खाल्लं या प्रश्नाला घरच्यांचं एकमुखी उत्तर: नेहमीचंच. एकादशीला काय खाल्लं? “काहीच खाल्लं नाही, उपवास होता.” मग पहाटे उठल्यापासून झोपेपर्यंत, एकेक ताट आठवायला सांगितलं. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही.

सकाळी शहाळं आणि केळं. दहाच्या सुमारास साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि मूठभर दाण्याचं कूट घालून. दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, सोबत उकडलेलं रताळं. नंतर मोसंबीचा रस. मग अशक्तपणा, मग ओआरएस, साधारण अर्धा लिटर. संध्याकाळी दुसरं शहाळं, रात्री अजून एक केळं.

हिशेब अंदाजाचाच असतो, पण तो मांडला. शहाळ्याच्या पाण्यात १०० मिलीला साधारण २५० मिलिग्रॅम पोटॅशियम, म्हणजे दोन शहाळ्यांतून दीड ग्रॅम. दोन केळी मिळून ८०० मिलिग्रॅमच्या जवळ. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला ७०० च्या आसपास. खिचडी आणि आमटी मिळून ८० ग्रॅम दाणे धरले तर साडेपाचशे. बटाटा ४००, रताळं ५०० च्या पुढे. रसाचे साडेतीनशे, ओआरएसचे चारशे धरले. एकूण साडेचार ग्रॅमच्या आसपास. ज्यांचं पोटॅशियम चढतं अशा किडनी-रुग्णांना आम्ही दिवसाला साधारण दोन ते अडीच ग्रॅमच्या आत राहायला सांगतो.

यात गंमत अशी की साबुदाणा, ज्याला सगळे दोष देतात, त्यात पोटॅशियम जवळजवळ नसतंच. भगरीतही बेताचं. भार पडला तो त्यांच्या सोबत्यांचा.

तरीही माझं समाधान होत नव्हतं. अण्णा वर्षानुवर्षं एकादशी करत आले होते आणि मागच्या वर्षभरात, किडनीचा आजार कळल्यावरही, काही एकादशा सुरळीत पार पडल्या होत्या. या वेळीच काय बिनसलं? दुखण्याच्या गोळ्यांचं तेव्हा कळलं. आषाढात पेरणीची धावपळ, गुडघा सुजलेला, आठवडाभर रोज दोन गोळ्या. या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात आणि पोटॅशियम बाहेर टाकण्याचं उरलंसुरलं कामही मंदावतं. टेल्मिसार्टनचाही पोटॅशियम रोखण्याकडे कल असतो. डॉक्टरांनी मुलाला जायकवाडीचा दाखला दिला: दरवाजे बंद असताना वरून येणारी आवक तेवढीच असली तरी पाणी चढतंच.

मिठाचं मात्र अपघाताने उघड झालं. मी सुनेला सांगितलं होतं की स्वयंपाकघरातल्या सगळ्या पाकिटांचे फोटो पाठव. त्यात ते मीठ दिसलं. सोडियम कमी करायचं म्हणजे त्याच्या जागी काहीतरी घालावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असतं. त्याच्या वजनातला निम्म्याहून थोडा जास्त भाग निव्वळ पोटॅशियम. अशा मिठात पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असेल तर रोजच्या पाच ग्रॅम मिठातून साडेसहाशे मिलिग्रॅमची भर पडते, आणि ती सगळी सहज शोषली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली, पण किडनीचा विकार असलेल्यांना त्यातून स्पष्ट वगळलं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात इशारा होता. समोर हिरव्या रंगात हृदयाचं चित्र.

सैंधवाचाही प्रश्न आला, कारण उपवासाला तेच वापरतात. सैंधव म्हणजे मुख्यतः सोडियम क्लोराइडच. पोटॅशियमचा धोका त्यात नाही, पण बीपीसाठी ते साध्या मिठाहून सौम्य आहे हा समज चुकीचा.

दुसरी अडचण: यादी

अण्णा घरी गेले. डिस्चार्जच्या कागदांसोबत मिळालेल्या आमच्या दोन पानी सूचनांशिवाय त्यांच्याकडे आणखी एक झेरॉक्स पोहोचली होती, ओळखीच्या कुणाकडून आलेली. ‘किडनीच्या रुग्णांनी खाऊ नये’ अशा जवळजवळ सगळ्या पदार्थांची यादी. डाळी, ज्वारी, बाजरी, पालेभाज्या, दूध, दही, फळं, सुकामेवा, नारळ, गूळ, टोमॅटो. घाबरलेल्या कुटुंबाने ती भिंतीला चिकटवली. ताटात उरला भात, काकडी आणि पाण्यासारखं ताक.

दोन महिन्यांनी अण्णा फेरतपासणीला आले तेव्हा पोटॅशियम ४.६ होतं. आकडा पाहून सगळे खूश. पण वजन ६२ वरून ५७ झालं होतं आणि गालाची हाडं दिसत होती. आदल्या आठवड्यात पहाटे घाम फुटून ते बरळू लागले होते. शुगर ४८. खाणं निम्म्यावर आलेलं आणि ग्लिमेपिराइडची गोळी तेवढीच. शिवाय किडनी मंदावली की हे औषध आणि शरीरातलं इन्सुलिन दोन्ही जास्त वेळ टिकून राहतात. सासूबाई मोसंबीचा रस द्यायला निघाल्या होत्या. सुनेने रस अडवला, पण मग काय द्यायचं हे तिला कळेना. मधुमेही माणसाला साखर कशी द्यायची? शेजारच्या शिक्षकांनी साखरेचं पाणी पाजायला लावलं म्हणून निभावलं. किडनी-रुग्णाची शुगर उतरली तर साखर किंवा ग्लुकोज पावडरच द्यावी, फळांचा रस नको, हे आमच्या दोन पानांत नव्हतं. आता आहे.

माझ्या मते या प्रकरणातला जास्त शिकण्यासारखा भाग हाच. पहिल्या संकटात ईसीजी होता, रुग्णवाहिका होती, आकडा होता. दुसरं संकट हळूहळू आलं आणि चांगल्या रिपोर्टच्या आडून आलं.

पर्याय कसे तोलले

एक पर्याय होता सध्याचं पथ्य तसंच चालू ठेवण्याचा, कारण पोटॅशियम ताब्यात होतं. दुसरा, खाणं मोकळं सोडून पोटॅशियम बांधणारी पावडर रोज देण्याचा. ती पावडर बद्धकोष्ठ करते. किडनी थकली की आतडं पोटॅशियम बाहेर टाकायला जास्त हातभार लावतं, म्हणजे पोट साफ न होणं हाही पोटॅशियम चढण्याचा एक रस्ता. शिवाय खर्च. तिसरा पर्याय खटपटीचा: काय वगळायचं ते नेमकं ठरवायचं, बाकीचं मापात ठेवायचं आणि खाण्याबाहेरची कारणं आधी मिटवायची.

तिसरा निवडला. त्यात आमच्यातही मतभेद होते. एका सहकाऱ्याचं म्हणणं असं की गावाकडच्या कुटुंबाला ‘हे थोडं, ते मोजून’ जमत नाही, सरळ बंद सांगावं. मला ते पटलं नाही. या घरात मोसंबीला पाणी किती मिनिटं सोडायचं याची वही ठेवली जाते. त्यांना मोजता येत नाही असं कसं म्हणायचं?

काय केलं

आधी औषधं. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद करून शुगरसाठी किडनीला चालेल असं दुसरं औषध दिलं. टेल्मिसार्टन निम्म्या डोसवर पुन्हा सुरू केलं आणि दोन आठवड्यांनी पोटॅशियम तपासलं. ते कायमचं बंद ठेवण्याचा मोह होता, पण किडनी टिकवण्यासाठीच ते दिलेलं होतं. आम्लासाठी सोडिअम बायकार्बोनेटच्या गोळ्या. गुडघ्याला शेक आणि लागली तर पॅरासिटामॉल. मेडिकलवाल्याला मुलाने स्वतः जाऊन सांगितलं की बाबांना दुसरी कुठलीच दुखण्याची गोळी द्यायची नाही.

मीठ साधं, आयोडीनयुक्त, सगळ्या पदार्थांत मिळून दिवसाला चमचाभराच्या आत. पाच ग्रॅम ही मर्यादा. लोणचं, पापड, खारोड्या बंद. ठेच्यावर बराच वेळ घासाघीस झाली आणि दाणे न घालता, मीठ नावापुरतं, बोटावर मावेल एवढा ठेचा मंजूर झाला.

भाकरी. अण्णांना भातावर जेवल्यासारखंच वाटत नव्हतं. “भाकर नाही तर जेवलोच नाही,” हे ते प्रत्येक भेटीत म्हणत. ज्वारीत तांदळापेक्षा पोटॅशियम आणि फॉस्फरस जास्त, हे खरं. पण धान्यातला फॉस्फरस शरीरात निम्म्याहून कमी शोषला जातो, उलट खारी, बिस्किटं, शीतपेयं यांत घातलेला जवळजवळ सगळा. म्हणून दोन्ही वेळेला एकेक भाकरी परत आली आणि चहासोबतची खारी गेली. वरण रोज एकदा, वाटीभर पातळ. प्रथिनं वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८ ग्रॅमच्या आसपास ठेवायची होती. किडनीविषयक ‘केडिगो’ गटाच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतही हाच आकडा आहे. त्याहून खाली गेलं की स्नायू झडतात, आणि ते अण्णांच्या गालांवर दिसतच होतं.

भाज्यांचं काम सुनेकडे. बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची, पाणी ओतून द्यायचं, मग फोडणी. पोटॅशियम पाण्यात उतरतं. तिला हे दोन कारणांनी जड गेलं. उकळलेलं पाणी ओतू नये, सत्त्व जातं, असं ती शाळेपासून शिकली होती, आणि उन्हाळ्यात टँकरचं पाणी येणाऱ्या गावात पातेलंभर पाणी ओतणं जिवावर येतं. पाणी गार करून परसातल्या झाडांना घालायचं ठरलं. आमटीत मात्र जाऊ द्यायचं नाही.

यावरून पोळ्याच्या पुरणपोळीचा विषय निघाला. पुरणाची डाळ शिजवून निथळलेली असते, त्यामुळे तिच्यातलं बरंच पोटॅशियम कटात उतरलेलं असतं. म्हणजे अण्णांनी साखर सांभाळून अर्धी पोळी खाल्ली तर एक वेळ चालेल, कटाची आमटी नको. घरच्यांना हे उलटं वाटलं. गोड बंद आणि आमटी चालू, असाच त्यांचा नियम होता.

फळांत सफरचंद, पपई किंवा अननसाची एखादी फोड, दिवसातून एकदा. केळी, शहाळं, रस, सुकामेवा नाही. पावसाळा सरता बालाघाटातून सीताफळं येतात. त्यांतही पोटॅशियम बरंच असतं, म्हणून त्यांचाही समावेश ‘नाही’मध्ये केला. पाहुण्यांचं काय करायचं यावर मी काही सुचवायच्या आत सासूबाईंनीच तोड काढली: आलेली केळी घ्यायची, ठेवायची आणि पाहुणा गेला की नातवंडांना वाटायची. कुणाला परत पाठवायचं नाही.

कमरख या फळाबद्दल मुद्दाम वेगळं सांगितलं. शहरात शाळेबाहेरच्या गाड्यांवर चिंचा-कैऱ्यांसोबत ते कधीकधी दिसतं. चांदणीसारख्या कापांचं, आंबटगोड. पोटॅशियमच्या तक्त्यात ते निरुपद्रवी वाटतं, कारण त्यात पोटॅशियम केळ्याच्या निम्म्याहून कमी. धोका दुसराच आहे. त्यातलं कॅरॅम्बॉक्सिन हे मज्जासंस्थेवर काम करणारं विष ब्राझीलच्या संशोधकांनी २०१३ मध्ये वेगळं काढलं. निरोगी किडनी ते बाहेर टाकते. थकलेल्या किडनीच्या रुग्णाला एखाद्या फळानेही न थांबणारी उचकी लागते, मग उलट्या, भ्रम, झटके. मृत्यूही नोंदले गेले आहेत. उचकी लागली की पाणी पाजून वाट पाहायची सवय असते. किडनी-रुग्णाने कमरख खाल्लं असेल तर वाट पाहायची नाही, डायलिसिसची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं.

उपवास सोडायला अण्णा तयार नव्हते. मीही आग्रह धरला नाही. एकादशीला भगर, दाण्याऐवजी जिऱ्याची फोडणी, काकडीची कोशिंबीर कूट न घालता, साबुदाणा वाटीभर. ताक अर्धी वाटी. सलग उपाशी राहायचं नाही: शुगर उतरू शकते, आणि इन्सुलिन खाली गेलं की पेशींतलं पोटॅशियम रक्तात येतं.

परिणाम

पुढच्या वर्षभरात पोटॅशियम ४.७ ते ५.२ मध्ये राहिलं. फक्त दिवाळीनंतर एकदा ५.७ झालं. तेव्हा फराळाच्या चिवड्यातले दाणे-खोबरं आणि चार दिवस साफ न झालेलं पोट, असं दोन्ही सापडलं; पावडर आठवडाभर द्यावी लागली. वजन ६० वर आलं. शुगर पुन्हा उतरली नाही. क्रिएटिनिन ४.१ आहे. आजार हळूहळू पुढे सरकतो आहे आणि आहाराने तो थांबेल असं आम्ही कधी सांगितलं नव्हतं. डाव्या हातातून रक्त काढायचं नाही असं ठरलं आहे, पुढे फिस्टुलासाठी, म्हणजे डायलिसिसकरता शीर आणि धमनी जोडायला, ती शीर लागेल म्हणून.

पुढची आषाढी अण्णांनी ठरलेल्या फराळावर केली. शहाळ्याची आठवण काढली, प्यायलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या निदानाच्या वेळी पोटॅशियम ५.२ होतं आणि टेल्मिसार्टन चालू होतं. त्याच दिवशी तीन प्रश्न विचारले असते तर बहुतेक पुढचं टळलं असतं: घरात मीठ कोणतं, दुखण्याच्या गोळ्या घेता का, आणि उपवासाला काय खाता. ‘आहार कसा आहे’ या प्रश्नाला कुणीही ‘साधाच’ म्हणून मोकळं होतं.

‘मीठ कमी करा’ हे वाक्य यापुढे अर्धं सोडू नये असं मला वाटतं. दुकानात लो सोडियमचं पाकीट समोर दिसत असताना, ‘मीठ कमी, पण बदललेलं मीठ नको’ एवढं सांगायला दहा सेकंद लागतात.

डिस्चार्जनंतरची भेट दोन महिन्यांनी ठेवली होती. ती दोन आठवड्यांनी हवी होती. पोटॅशियमसाठी नव्हे, वजनकाट्यासाठी. आणि यादी देताना ‘काय खायचं’ वर आणि ‘काय नको’ खाली असावं. घाबरलेला माणूस पहिल्या ओळी पाळतो.

अलीकडे अण्णांचे चुलतभाऊ, जे आठवड्यातून तीनदा जालन्याला डायलिसिसला जातात, सुनेकडून हाच आहाराचा कागद मागून घेऊन गेले. तिने मला फोन करून विचारलं, चालेल ना? नाही चालणार. डायलिसिसवर प्रथिनं जास्त लागतात, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, पाण्याचं माप वेगळं, आणि दोन डायलिसिसमधल्या मोठ्या खंडात पोटॅशियमचा धोका जास्त. कागद परत मागवला. त्यांचे रिपोर्ट घेऊन ते सोमवारी येणार आहेत.